आईच्या गुडघ्याचं गणित

मी काय काम करते असं कुणी विचारलं, की पूर्वी मी रंगात येऊन सांगत असे. माणसाच्या पायाचा स्कॅन येतो, त्यातून मी संगणकावर त्याचं हाड उभं करते, हाडाचे हजारो बारीक तुकडे पाडते, तुकड्यांना तुकडे जोडते, आणि मग त्या पायाला चालवते. चालताना कुठे किती भार येतो ते रंगांत दिसतं. निळं म्हणजे आराम, तांबडं म्हणजे हाल. गुडघा बदलायचा असेल तर धातूची थाळी कुठे, किती अंश कलती बसवायची, हे शस्त्रक्रियेच्या आधीच पडद्यावर शंभर वेळा करून बघता येतं. खऱ्या पायावर एकदाच करता येतं. हे शेवटचं वाक्य मी नेहमी जरा थांबून टाकायची. लोकांना आवडायचं.

आता कुणी विचारलं तर मी सांगते, इंजिनियर आहे.

मी आधी खाणीवरच नोकरीला लागले होते. खाणी बंद पडल्या तेव्हा आमच्या भागातल्या बहुतेकांनी खनिज वाहणारे टिपर विकले, काहींनी टॅक्सी घेतल्या. मला मात्र शिकलेली विद्या दुसरीकडे नेता आली. डंपरचा सांगाडा कुठे तडकेल हे शोधण्याचं गणित आणि गुडघा कुठे झिजेल हे शोधण्याचं गणित यांत फार अंतर नाही. म्हापशाच्या पुढे एका छोट्या कचेरीत आम्ही पाच-सहा जण हे काम करतो आणि एका इस्पितळाला पुरवतो. गुडघा बदलूनही दुखतच राहणारे रुग्ण सगळीकडे असतात. शस्त्रक्रियेत चूक नसते, एक्स-रे सुरेख असतो, आणि माणूस मात्र म्हणतो की हा पाय माझा नाही. त्याचं कारण आम्ही सांगायचो ते असं: सगळ्यांना एकाच साच्यातला सरळ पाय दिला जातो, पण प्रत्येकाची चाल वेगळी. ज्याची जशी चाल, त्याला तसा गुडघा द्यायचा. हे आजही मला पटतं.

आईचा डावा गुडघा पहिल्यापासून कुरकुरत होता. ती बांद्याजवळची, लग्न होऊन पाळीला आली. वडील टिपर चालवायचे, आणि ही काही वर्षं सुर्ल्याला नदीवर बार्जांत माती चढवायला जायची. आमच्याकडे खनिजाला मातीच म्हणतात. डोक्यावर टोपली, पायाखाली फळी, दिवसभर वर आणि खाली. वडील गेल्यावर ती घरात एकटी राहू लागली आणि खरं सांगायचं तर ती एकटीच खुशीत होती. घर उंचावर आहे. रस्त्यापासून वर जायला चिऱ्याच्या चोवीस पायऱ्या आहेत, एकसारख्या नाहीत, आणि शेवटच्या चार तर नुसत्या खडकात खोदलेल्या. मागे काजूची चार झाडं, एक फणस, परसात अळू. ती सकाळी पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, शिटी ऐकून पाव आणायला खाली उतरायची आणि सगळ्या वाड्याची विचारपूस करून वर यायची.

शेवटी शेवटी तिला उतरायला अर्धा तास लागू लागला. मी म्हटलं, माझ्याकडे येऊन राहा. तिने साफ नाकारलं.

"तुझ्या त्या फ्लॅटात मी काय करू? जनेलातसून लोकांचे गाडये बघीत बसू? माका माझ्या घराक एकट्यान रवाक येवक होया. तितक्या कर तुझ्या कंप्युटरान."

तर तिची मागणी एवढीच होती. चोवीस पायऱ्या, एकटीने. मी तिला शब्द दिला. डॉक्टर माझ्याच वयाचे, हळू बोलणारे, हात शांत असलेले. त्यांचं म्हणणं होतं की नेहमीच्या पद्धतीने सरळ पाय करून देऊ, वय आहे, हाड मऊ आहे, फार कलाकुसर नको. मीच हटून बसले. इतक्या परक्या माणसांना मी त्यांच्या चालीचा गुडघा देते आणि माझ्या आईला साच्यातला द्यायचा, हे मला सहन होईना. त्यात प्रेम किती होतं आणि मिरवण्याची हौस किती होती, हे मी आता वेगळं करू शकत नाही.

मापं घेण्याच्या दिवशी आई नवं लुगडं नेसून आली. केसांना तेल, अंबाड्यात अबोलीचा वळेसर. इस्पितळात जायचं म्हणून पहाटे उठून तिने दुखण्याची गोळी घेतली होती, एकाच्या जागी दोन. हे मला नंतर कळलं. डॉक्टरांनी विचारलं, "माये, चड दुखता?" ती हसून म्हणाली, "नाय ओ दोतोर, तितक्या काय नाय."

आधी उभ्याने एक्स-रे काढतात, कमरेपासून घोट्यापर्यंत, म्हणजे पायावर वजन असताना पाय किती वाकतो ते कळतं. आई जरा लवून उभी होती. मी काचेच्या अलीकडून म्हटलं, "आई, नीट उबी रव." तिने लगेच पाठ ताठ केली, डावं पाऊल थोडं आत वळवलं, उजवं किंचित पुढे घेतलं, गुडघे जवळ आणले आणि समोर बघितलं. फोटोला उभी राहते तशी. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. तिचे सगळे फोटो तसेच आहेत.

मग चालण्याची खोली. तिला तिथला आखूड लेंगा दिला आणि पायांवर करड्या रंगाचे छोटे गोळे चिकटवले. कॅमेरे ते गोळे टिपतात, जमिनीतली पाटी पाऊल किती जोराने पडलं ते टिपते. गोळ्यांकडे बघून ती म्हणाली, "ह्यांनी माझी माटोळी केल्यानी गो." सगळे हसले. माटोळी म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतो ती. मग ती चालली. आठ-दहा पावलं जायचं, वळायचं, परत यायचं. छोटी छोटी पावलं, सरळ रेषेत, हात अंगाबरोबर. अशा सहा फेऱ्या. माझ्या शेजारचा सहकारी म्हणाला की या वयात इतकी साफ चाल बघितली नाही. मला अभिमान वाटला. हो, वाटला, खोटं कशाला बोलू.

त्या आठवड्यात मी तिचा पाय पडद्यावर उभा केला. आणि एक गोष्ट मला तेव्हाच खटकली होती. हाडाची आतली बाजू फार झिजलेली होती. जी चाल आम्ही टिपली होती, त्या चालीने इतकी झीज व्हायला नको. गणित आणि हाड एकमेकांशी बोलत नव्हती. दुसऱ्या कुणाचा पाय असता तर मी त्या माणसाला परत बोलावलं असतं. पण मी तिची मुलगी, मला तिचा सगळा इतिहास ठाऊक. मी म्हटलं, ही सुर्ल्याच्या टोपल्यांची झीज, जुनी आहे. तशी टीप लिहिली आणि पुढे गेले. डॉक्टरांनी विचारलंसुद्धा, की आत एवढं का गेलंय? मी टोपल्यांचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली, कारण मी घरची होते.

शस्त्रक्रिया छान झाली. दीड महिन्याने तपासणीला तीच चाल, तीच सहा फेऱ्यांची साफ रेघ. मी दोन्ही चालींची चित्रं शेजारी शेजारी लावून एका सभेत दाखवली. नाव नव्हतं, नुसतं वय आणि डावा गुडघा. टाळ्या पडल्या तेव्हा मात्र मी सांगून टाकलं की ही माझी आई आहे. तीही टाळ्या ऐकायला पुढच्या रांगेत बसली होती, त्याच नव्या लुगड्यात.

मग ती पाळीला गेली. मी दर रविवारी जायची. गाडीचा आवाज आला की ती पायऱ्यांच्या वर येऊन उभी राहायची. चहा, तव्यावरचे तांदळाचे पोळे, नारळाच्या दुधातला रस. "दुकता?" "नाय." पाय सुजलेला दिसला तर म्हणायची, आज काम जास्त झालं. वर्षभर असंच चाललं.

एका बुधवारी मला डिचोलीत काम होतं. ते लवकर आटपलं म्हणून न कळवताच पाळीला गेले. गाडी खाली वळणावर लावली, कारण वर ट्रक आडवा होता, आणि चालत निघाले. आई माझ्यापुढे पायऱ्या चढत होती. तिची माझ्याकडे पाठ होती. एका हातात पावाची पिशवी, दुसरा हात कडेच्या बुटक्या भिंतीवर, चिऱ्यांच्या गडग्यावर. प्रत्येक पायरीला तिचा डावा गुडघा बाहेर फेकला जात होता, सगळं अंग त्या बाजूला कलंडायचं, मग ती गडगा धरून स्वतःला वर ओढायची आणि थांबायची. थांबली की तोंडातून आवाज निघत होता. मोठा नाही. एखादं जड भांडं उचलताना निघतो तसा.

मी कितीतरी वेळ हाकच मारली नाही. आजही मला त्याची लाज वाटते, पण मी पावलं मोजत होते. गुडघा किती बाहेर जातो, किती वेळ पावलावर भार राहतो. मग मी म्हटलं, "आई."

ती वळली. आणि मी जे बघितलं ते मला विसरता येत नाही. तिने पदर सारखा केला, डावं पाऊल आत घेतलं, आणि चार पायऱ्या माझ्याकडे उतरून आली. सरळ, छोट्या पावलांनी, सभेत दाखवली होती तशी. चेहरासुद्धा हसरा.

"गो, आज खंयसून इलंस? फोन तरी करूचो."

"कदीपासून दुकता?"

"दुकणा नाय."

"आई, मी बघितलंय. पाठसून."

ती तिथेच पायरीवर बसली. पिशवीतला एक पाव घरंगळत खाली गेला, तो तिने बघितला पण उचलायला कुणी उठलं नाही.

त्या दुपारी तिने जे सांगितलं ते मला बेचाळीस वर्षांत कधी कळलं नव्हतं. तिचा डावा पाय लहानपणापासूनच बाहेर वाकलेला. बघायला पाहुणे यायचे तेव्हा त्या काळी मुलीला चालून दाखवायला सांगत. दोन ठिकाणांहून नकार आला. मग तिच्या आईने तिला माजघरात एक महिना चालायला शिकवलं. जमिनीवर राखेची रेघ ओढायची, रेघेवरून चालायचं, गुडघे एकमेकांना घासले पाहिजेत. उभं राहताना उजवं पाऊल पुढे, म्हणजे निऱ्यांमागे डावा पाय झाकतो. तिसऱ्या स्थळाने पसंत केली. ते माझे वडील. सासरी कुणाला काही कळू नये म्हणून ती घरातही तशीच चालत राहिली, आणि मग ते अंगवळणी पडलं. एकटी असली की पाय त्याच्या मनासारखा पडायचा. कुणाची नजर पडली की सरळ.

"मी मुद्दाम नाय करणंय. कोणाफुडे तसा चलाक येणाच नाय गो. पाय आपणच सरळ पडता."

"आणि दुकता ता कित्याक नाय सांगितलंस?"

तिने लुगड्याच्या काठाला चिकटलेला पावाचा चुरा झटकला. "तू सगळ्यांका सांगितलंस मगे, माझ्या आवशीचो पाय आमच्या कंप्युटरान बरो केलो म्हणान. लोकांनी टाळये वाजवल्यानी. मग मी कसा सांगू? तुझ्या कामाक बट्टा लागलो असतो."

मला तिचा राग आला. भयंकर राग आला, तिथेच ओरडावंसं वाटलं. टोपल्यांचं सांगून मोकळी झालेली मी होते, म्हणून ओरडता आलं नाही.

मग काढलेल्या एक्स-रेत दिसलं ते मला आधीच माहीत होतं. नडगीच्या हाडावरची थाळी आतल्या बाजूला खचली होती आणि सैल झाली होती. आम्ही तिचा गुडघा ज्या चालीसाठी बसवला होता, ती चाल ती दिवसातून फार तर तासभर चालत असेल. बाकीचा सगळा दिवस दुसरीच बाई त्या गुडघ्यावर चालत होती. डॉक्टरांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. ते म्हणाले, परत करावं लागेल, आणि या खेपेला खरी चाल हवी.

खरी चाल मिळवायला आम्हाला दोन दिवस लागले. गोळी बंद ठेवली. पण खोलीत माणसं दिसली की पाऊल आत वळायचंच. डॉक्टर बाहेर गेले, माझा सहकारी कॅमेऱ्यांच्या मागे लपला, तरी जमेना. शेवटी आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू भायर रव गो. तू आसलंस काय माका जमाचा नाय."

मी बाहेर बाकावर बसले. आतून पावलांचा आवाज येत होता, एक हलकं, एक जड, आणि मधेच तो भांडं उचलल्यासारखा हुंकार. माझ्या शेजारी एक म्हातारा आपल्या नंबराची चिठ्ठी हातात धरून बसला होता. त्याने मला विचारलं, आत कोण आहे? मी म्हटलं, आई. तो म्हणाला, बरी होईल.

या खेपेला गणित आणि हाड यांचा मेळ अगदी बसला. झीज नेमकी जिथे होती तिथेच पडद्यावर तांबडं उमटलं. आणि पुढचंही गणिताने स्वच्छ सांगितलं. हाड आता पुरेसं उरलेलं नाही, लांब दांड्याचा सांधा घालावा लागेल, गुडघा अर्ध्याहून थोडा जास्त वाकेल, सपाट जमिनीवर वॉकर घेऊन चालता येईल. पायऱ्या नाहीत. मी पायरीची उंची कमी करून बघितली, कठडा देऊन बघितला, वजन उतरवून बघितलं. पायऱ्या नाहीत. शस्त्रक्रियेनंतर सगळं त्याने सांगितलं होतं तसंच झालं, अगदी अंशापर्यंत. इतकं अचूक उत्तर आमच्या मॉडेलने त्याआधी कधी दिलं नव्हतं.

सभेत दाखवलेली ती चित्रं मी काढून टाकली आणि का काढली ते सगळ्यांना उभं राहून सांगितलं. आमची पद्धतही बदलली. आता मापाच्या वेळी घरचं माणूस खोलीत नसतं. आदल्या रात्रीपासूनची गोळी डॉक्टरांना विचारून थांबवतो. माणूस दमेपर्यंत चालवतो, कारण दमलं की दिखावा गळून पडतो, आणि हाड व चाल जुळली नाहीत तर काम तिथेच थांबतं, मग कारण कितीही पटणारं असो. पेडण्याच्या एक बाई आहेत, आयुष्यभर सुपारीच्या कुळागरात पाणी शिंपलेल्या. त्यांचीही झीज चालीशी जुळेना, म्हणून आम्ही त्यांना तीनदा परत बोलावलं. त्या आता घाटी चढून देवळात जातात. त्यांच्या सुनेने मला काजूगरांची पुडी पाठवली. मी ती कचेरीत वाटून टाकली, मला त्यातला एकही गर गेला नाही.

आई माझ्या फ्लॅटमध्ये राहते. पाळीचं घर बंद आहे. सुरुवातीला महिन्यातून एकदा मी तिला गाडीने पायऱ्यांच्या खालपर्यंत नेत असे. ती काच खाली करून वर बघायची, वाड्यातल्या बायका येऊन बोलायच्या, घराची कौलं खालून जेमतेम दिसतात. मग तीच म्हणाली, नको नेऊस. तिच्यासाठी लिफ्ट आहे, आंघोळीच्या जागी धरायला दांडा आहे, खिडकीपाशी खुर्ची आहे. आता ती कुणाहीसमोर वाकडीच चालते. पाहुणे असोत, शेजारी असोत. दुखलं की दुखतं म्हणते, मोठ्याने म्हणते, आणि माझ्यापाशी त्यावर इलाज नसतो.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. तिची खरी चाल हाती आल्यावर मी तिचा पहिला स्कॅन परत उघडला. शस्त्रक्रियेच्या आधीचा, हाड शाबूत असतानाचा. त्या हाडावर ही चाल घातली आणि सुरुवातीपासून सगळं गणित केलं. थाळी तीन अंश वेगळी बसवायला हवी होती. तेवढंच. तशी बसवली तर पडद्यावरचा पाय पायऱ्या चढत होता. मी चोवीसच्या चोवीस घातल्या होत्या, खडकातल्या चारसुद्धा, त्यांची उंची घरी जाऊन टेपने मोजून आणली होती. चढला आणि उतरला.

परवा सकाळी मी तिला चहा दिला. ती खिडकीबाहेर बघत होती. मान न वळवता तिने विचारलं, "एक इचारू? पयल्याच दिसाक वाकडा चलान दाखवला असता, तर आज मी घराक असतंय काय गो?"

"नाय," मी म्हटलं. "तुझा हाडच तसा होता. तसाच झाला असता."

ती माझ्याकडे वळली आणि माझा चेहरा नीट बघत राहिली. मी डोळे खाली केले नाहीत.

"मगे बरा," ती म्हणाली, आणि चहात बुडवायला पाव मागितला.